आईचं कुंकू आणि न लागलेली पट्टी

मंडळी, घाईत लिहायलेय, चुका सांभाळून घ्या.

सोनपेठात घराच्या पुढच्या खोलीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्हीच्या पडद्यामागं उजेडाच्या एलईडी पट्ट्या असतात. त्यांच्यासाठी आज मी स्वतः ड्रायव्हर सर्किट बनवलं. त्याचं काम एकच, पट्टीतून ठरलेला करंट सतत जाऊ द्यायचा. करंट कमी पडला की ते व्होल्टेज वाढवतं.

दुपारी व्होल्टेज मोजायचा मीटर जोडून सर्किट चालू केलं. पट्टी लागलीच नाही. मी वायर बघायला खाली वाकले.

नवी वस्तू केली की आधी तिला कुंकू लावायचं, हा आमच्या आईचा नेम. ती ओल्या बोटावर कुंकू घेऊन आली आणि थेट सर्किटकडं हात नेला.

तेवढ्यात माझं लक्ष मीटरकडं गेलं. आकडा दोनशे व्होल्टच्या पुढं, अजून चढायलाय. पट्टीची वायर सुटली होती. करंट जाईना म्हणून सर्किट व्होल्टेज वाढवतच बसलं होतं. त्याला रोखायची सोय मी केलीच नव्हती.

"आई, हात!" मी किंचाळले, तिला मागं ओढलं. त्या व्होल्टेजनं सर्किटातला वीज साठवणारा कपॅसिटर फाडकन फुटला.

आई भिंतीला टेकून म्हणाली, "लाइट लागली न्हाई, मला वाटलं बंदच हाय."

तेच तर! लागली असती तर व्होल्टेज इतकं चढलंच नसतं.

आता प्लग काढलाय. मीटर शून्यावर आहे. आई पुन्हा बोट ओलं करून विचारायलीय, "आता लावू का गं?"

माझ्या तोंडून हो निघंना. तुमच्या निघालं असतं का?