पदराखालची बोटं

तळेगाव स्टेशनात मी तिची वेणी धरली. ती लोकलच्या दाराशी पोचली होती. "मला जाऊ दे," ती म्हणाली. माणसं जमली. मी ओरडले, "सून हाय माझी! डोकं फिरलंय तिचं." तेवढं पुरलं. कंपनीचे कपडे घातलेला एक जण दारात आडवा उभा राहिला. "धरा आजी, घट्ट धरा." एक बाई तिलाच म्हणाली, "अगं, सासू म्हंजे आईच की. जा घरी." तिला कुणी एक शब्द विचारला नाही. लोकल गेली. चाकणच्या जीपमध्ये बसेपर्यंत आणि उतरल्यावरही मी तिचं मनगट सोडलं नाही.

ती माझी सून होती हे खरं. विकत घेतलेली होती हेही खरं.

आमची जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या. तरी मुलाला मुलगी मिळेना. चाळिशी उलटलेली, त्यात दारू. मला मुलगी असती तर असल्याला मी दिली नसती. मग एक दलाल परराज्यातली पोरगी घेऊन दारात आला. बरोबर तिचा मामा.

माझा बाप चाकणच्या बाजारात बैलांचा दलाल होता. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. लहानपणी बापाजवळ बसून मी ती बोटं शिकले होते. मामा आकडा बोलायला लागला तसं मी म्हटलं, "पोरीसमोर नगं," आणि पदराखालून दलालाकडे हात केला. त्यालाही ती बोटं येत होती; तो हसला. "आजी, तुमी तर आमचा धंदा बुडवाल." मी एक बोट कमी करून घेतलं. पोरीची लाज राखली असं मला वाटलं. भाव पाडल्याचा आनंदही झाला.

देवळात हार घातले. तिचं आधार कार्ड माझ्या पेटीत गेलं आणि फाटकाची किल्ली माझ्या कमरेला. भाडेकरूंचे संडास, म्हशी, स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. मुलगा मारायचा. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

स्टेशनावरून आणल्यावर ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरडयांचे गहू निवडत होते. ती समोर येऊन बसली, पदर पुढे ओढला आणि त्याखालून माझा हात धरला.

"किती?"

मला कळेना.

"मामा बैल विकतो. आमच्या गावात पण असंच करतात. त्या दिवशी मी बघितलं. किती?"

मी बोटं दाबली. तिनं ती मोजली.

"आणि बैल?"

"चांगला बैल महाग असतो," मी सांगितलं. खोटं बोलायचं सुचलं नाही.

तिनं हात काढून घेतला आणि म्हशींकडे गेली.

त्याच दिवशी फाटक उघडायला हवं होतं. मी आठ दिवस घेतले. कुरडया करायच्या होत्या, हात हवे होते. त्या वाळून डब्यात गेल्यावर मी कार्ड तिला दिलं, मुलगा पिऊन पडला होता तेवढ्यात तिला घेऊन निघाले आणि त्याच स्टेशनात तिकीट काढून दिलं. तिच्या गावची एक बाई चिंचवडला घरकाम करते. पहिल्यांदाही ती तिच्याकडेच निघाली होती.

जाताना ती माझ्या पाया पडली नाही. ते मला लागलं. त्याचीही लाज वाटते.

भावकीतल्या बायका अजून म्हणतात, "सून पळाली, म्हातारीनं लय सोसलं." मी काही सोसलं नाही. मी विकत घेतलं होतं. सात महिने सोसलं ते तिनं.