भस्मकेतूला अडवणारे फोरमनकाका

फोरमनकाकांना कुठलीही चालती वस्तू दिसली की ती थांबते कुठून, हे आधी बघायचं असे. मेळ्यात आकाशपाळण्यासमोर बाकीचे लोक वर बघत. काका पाळणेवाल्याच्या पायाशी वाकून ब्रेक बघत. लग्नाच्या हॉलमध्ये जनरेटर कुठे आहे आणि त्याचं बटण कुणाच्या हाताशी आहे, हे विचारल्याशिवाय ते पंगतीला बसत नसत. एकदा दुर्गच्या एका नव्या दुकानात सरकत्या जिन्यापाशी त्यांनी काकूंना दहा मिनिटं उभं ठेवलं, कारण लाल बटण सापडत नव्हतं. सापडल्यावर ते दाबूनही पाहिलं. जिन्यावरची सात-आठ माणसं पिशव्यांसकट जागच्या जागी थबकली, आणि काका समाधानाने काकूंना म्हणाले, "चल आता. भरवशाचा आहे."

अशी माणसं भिलाईच्या प्रत्येक सेक्टरमध्ये एकेक तरी असतात. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. पोलादाच्या प्लांटमध्ये लागले ते कच्च्या मालाच्या विभागात, जिथे कोळसा आणि खनिज मैलभर लांबीच्या पट्ट्यांवरून भट्टीकडे जातं. निवृत्त होऊन त्यांनी बोरसीत घर बांधलं आणि वरचा मजला मला भाड्याने दिला. मी मराठीत एम.ए. केलेलं, एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेज बंद पडलं तेव्हा रायपूरच्या एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने मला कथालेखक म्हणून घेतलं. "म्हणजे खेळासाठी गोष्ट लिहितो?" काकांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला. "आन् खेळणारा ते वाचते?" त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणू लागले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या खेळात एक राज्य होतं, एक किल्ला होता आणि भस्मकेतू नावाचा एक असुर होता. भस्मकेतू मी लिहायचा होता. कंपनीचे साहेब तिशीतले, घरचा लोखंडी सळ्यांचा धंदा सोडून कलेत आलेले. त्यांची अट एकच होती: खेळणाऱ्याला मनापासून वाटलं पाहिजे की हा थांबणार नाही. दिवाळीपर्यंत तसा वाटला नाही तर ते बाहेरून आयता खलनायक आणणार होते, आणि आयत्या खलनायकाबरोबर त्याची आयती गोष्टही येणार होती. म्हणजे माझं काम संपलं. त्यामुळे त्या वर्षी माझं सगळं दैव एका असुराच्या पायात होतं.

माझ्या खोलीतला पडदा लहान, आणि काकांकडे मुलाने पुण्याहून पाठवलेला भिंतभर टीव्ही. म्हणून दुपारच्या चहाला मी खेळाचं यंत्र घेऊन खाली जाऊ लागलो. पहिल्या दिवशी काकांनी माझ्या हातातून खेळाची बटणं काढून घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. प्लांटमध्ये क्रेन चालवायला लोंबती बटणपेटी असते, तिला पेंडंट म्हणतात. काकांनी या वस्तूला तेच नाव दिलं. आठवडाभरात ते असं खेळू लागले की कंपनीतली विशीची पोरं मागे पडावीत. ती पोरं आरडाओरडा करत मारायला धावत. काका कुणालाच मारत नसत, एका बाजूला उभे राहून बघत असत.

पहिल्या भस्मकेतूला मी चाळीस ओळींचं भाषण दिलं होतं. किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभा राहून तो राख, नियती आणि काळोख यांच्याविषयी बोले. त्यातल्या दोन उपमांचा मला आतून अभिमान होता. काकांनी पहिल्यांदा ते भाषण मुख्य पाहुण्याचं ऐकावं तसं हात बांधून ऐकलं. दुसऱ्यांदा "हे क्षुद्र मानवा" सुरू होताच ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि दाराला कडी घातली. आत भस्मकेतू बोलतच होता.

"मास्तर, जो बोलून राहिला, तो थांबून राहिला," काका म्हणाले. मग त्यांनी प्लांटमधल्या सुरक्षा सप्ताहाची हकीकत सांगितली. मोठे साहेब सुरक्षेवर भाषण द्यायला येत, तेव्हा आवाज होतो म्हणून पट्टे बंद ठेवावे लागत. काकांच्या मते त्यांच्या सगळ्या नोकरीत पट्टे सर्वांत जास्त वेळ बंद राहिले ते त्या भाषणांमुळेच.

मी भाषण काढलं. कंपनीत बैठक झाली आणि साहेबांनी निदान केलं की भस्मकेतू पुरेसा दुष्ट दिसत नाही. दोन शिंगं होती, ती चार झाली. पुढच्या बैठकीत सहा. डोळे लाल झाले, अंगरखा जमिनीवर लोळू लागला. कुणीतरी शिंगांवर ज्वाळा सुचवल्या आणि त्याही आल्या. हा नवा भस्मकेतू घेऊन मी खाली गेलो. काकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि शांतपणे एका कोळ्याच्या झोपडीत शिरले. भस्मकेतू मागोमाग आला आणि शिंगं चौकटीत अडकून दारातच राहिला. तो पाय आपटी, गुरगुरे, पण आत काही येईना. काकांनी पेंडंट खाली ठेवून चिवडा मागवला. काकू ताटली घेऊन आल्या, त्यांनी टीव्हीकडे पाहिलं.

"अजी, त्या बिचाऱ्याले आत तरी घ्या," त्या म्हणाल्या. "केव्हाचा उभा आहे."

तिसऱ्या भस्मकेतूला राग दिला आणि वेग दिला. तो दिसला की धावतच येई. काका एका खांबामागे उभे राहिले. भस्मकेतू खांबाभोवती फिरू लागला, काकाही फिरू लागले, आणि ही प्रदक्षिणा चहा येईपर्यंत चालली. "याले घाई आहे," काकांनी निकाल दिला. "घाईचा माणूस आपल्यानंच थांबते. आपल्याले फक्त बाजूले व्हा लागते."

मी प्रत्येक निकाल प्रामाणिकपणे कंपनीला कळवत होतो. साहेबांनी तीन अहवाल वाचले आणि असुर बदलण्याऐवजी परीक्षक बदला असं सुचवलं. ते सोपं होतं. पण मला तोवर साहेबांचं होकारपत्र नकोसं झालं होतं. बोरसीतल्या त्या सोफ्यावर बसून काकांनी एकदा तरी म्हणावं की हा थांबत नाही, एवढंच मला हवं होतं.

पावसाळा सरता सरता काकांना दम लागू लागला. आधी बाजारातून येताना ते सायकल हातात धरून चालत येऊ लागले. मग अंगणातल्या तीन पायऱ्या चढल्यावर खांबाला हात लावू लागले. सकाळचं वर्तमानपत्र वाचून ते मला वर आणून देत असत. काही दिवसांनी जिन्याच्या अर्ध्यावरून हाक मारू लागले, मग खालून, मग वर्तमानपत्र घेऊन काकूच येऊ लागल्या. डॉक्टरांनी छातीच्या दुखण्याचं लांब नाव सांगितलं. काकांनी ते फिल्टर चोक झाला इतकं छोटं केलं. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी नाकाला नळी लावण्याआधी त्याचं बटण तपासलं.

मी वरच्या खिडकीतून हे बघत होतो आणि बघता बघता लिहीत होतो. ही गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही. दुखणं भाषण करत नव्हतं. त्याला शिंगं नव्हती, राग नव्हता, घाई तर मुळीच नव्हती. ते एका चालीने रोज थोडं पुढे येत होतं. नव्या भस्मकेतूचं मी सगळं काढून घेतलं. साध्या कपड्यांतला एक माणूस, तोंडातून अक्षर नाही. मारलं तर मार खातो आणि चालतो. लांब पळून जा, आगीपाशी निवांत बसा. थोड्या वेळाने शेताच्या टोकाला तो दिसतो, त्याच चालीने येणारा. दार लागलं तर उघडतो आणि आत आल्यावर मागे नीट लावून घेतो.

काका त्याच्याशी तीन दुपारी खेळले. झोपडी करून पाहिली, खांब करून पाहिला, नदी ओलांडून पाहिली. तिसऱ्या दुपारी त्यांनी पेंडंट मांडीवर ठेवलं. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर चालू होती.

"याले मी ओळखतो," ते म्हणाले.

मी मान वर केली नाही.

"लिहून दे तुह्या साहेबाले. हा थांबत नाही."

आठ महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काका, अजून एकदा बघा ना. कुठेतरी चूक असेल."

"चूक नाही. काम चांगलं केलं तू." श्वास घ्यायला ते थांबले. "पण मले सांग, दोरी कुठं आहे?"

मला कळलं नाही. मग त्यांनी थांबत थांबत समजावलं. चालत्या पट्ट्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी ताणलेली असते. कुठेही उभं राहून ती ओढली की पट्टा बंद. ओढणारा झाडूवाला असो की जनरल मॅनेजर, का ओढली हे आधी कुणी विचारत नाही. आधी थांबतं, मग विचारतात. दोरी नसलेला पट्टा काकांनी आयुष्यात चालू होऊ दिला नव्हता. "थांबत नाही तं नको थांबू," ते म्हणाले. "पण लोकाइच्या हाताशी दोरी पाहिजे, बापा. नाही तं मी पास करत नाही."

न थांबणाऱ्या असुराला थांबवायची दोरी, हे ऐकून साहेब बराच वेळ हसले. मी बैठकांमध्ये सहसा बोलत नाही. त्या दिवशी मी म्हणालो की दोरी नसेल तर गोष्टीवर माझं नावही नको. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. माझ्या नावाची कुणाला फारशी गरज होती म्हणून नव्हे; हा माणूस बोलतो, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. शेवटी साहेबांनी दोरी सोन्याची दिसेल का, एवढं विचारलं. आमच्या प्रोग्रॅमर मुलीने ती साधीच ठेवली आणि वर एक अट घातली: असुर थांबला की पुढचं दारही उघडणार नाही. दोरीची मूठ त्याच्या पायाशी असेल. ती वर केली की तो पुन्हा चालू लागेल आणि दारही उघडेल. काकांना ही अट पटली. "बरोबर आहे. पट्टा बंद, तं तिकडं भट्टी उपाशी."

दोरीचा खेळ मी खाली नेला तेव्हा काका उशांना टेकून बसले होते. भस्मकेतू शेताच्या टोकाला दिसला. काकांनी त्याला बराच जवळ येऊ दिलं आणि दोरी ओढली. तो उभा राहिला. त्याच्या कपड्याची कड वाऱ्याने हलत होती, एवढंच.

काकांनी चहा मागितला. बशीत ओतून, घोटाघोटाला थांबत ते प्याले. आम्ही तिघं टीव्हीकडे बघत होतो. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी पेंडंटकडे हात नेला.

"राहू द्या ना त्याले तसाच," काकू म्हणाल्या. त्यांची नजर टीव्हीवरच होती.

"नाही वं. ज्यानं दोरी ओढली, त्यानंच जाऊन चालू कराचं. दुसऱ्यावर नाही टाकाचं." काकांनी आपला माणूस भस्मकेतूच्या पायाशी नेला आणि मूठ वर केली. तो चालू लागला. काकांनी गमछ्याने पेंडंट पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

नवरात्र संपल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी, काका गेले. खेळ दिवाळीत बाजारात आला. भस्मकेतू अजिंक्य वाटतो असं लोकांनी लिहिलं, साहेबांनी पेढे वाटले आणि शिंगं आपण वेळीच काढल्याचं सगळ्यांना सांगितलं. आता तक्रार एकच आहे: बरेच खेळणारे दोरी ओढतात आणि पुढे जातच नाहीत. साहेबांना त्याचं कारण कळत नाही.

तेरावं झाल्यावर काकूंनी मला खाली बोलावलं आणि तो खेळ लावायला सांगितलं. पेंडंट कसं धरायचं ते विचारलं. भस्मकेतू शेताच्या टोकाला दिसताच, अजून खूप लांब असतानाच, त्यांनी दोरी ओढली. मग पेंडंट टीव्हीजवळ ठेवून त्या मेथीची जुडी घेऊन खाली बसल्या.

संध्याकाळी मी खेळाचं यंत्र न्यायला गेलो. मेथी केव्हाच निवडून झाली होती. टीव्हीवर तो उभा होता.

"मास्तर, हात नका लावू," काकू म्हणाल्या. "दोरी मी ओढली आहे."

मी यंत्र तिथेच ठेवून वर आलो.