शिवणखोलीतली सात वर्षं

टाचणीला पत्त्यांचं वेड लागलं ते गुडघ्यापायी. चौतीस वर्षं तिने एका नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळला, म्हणजे चौतीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या पायाशी बसून हुक लावले, बटणं लावली, दुमडी घातल्या. गुडघा बिचारा किती सोसणार? शेवटी ऑपरेशन झालं. सहा आठवडे जागचं हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि आत्या घरात बसून आपलं डोकं खाणार या धास्तीने भाचीने तिच्या टॅबवर पोकर टाकून दिलं. पैशाचं नव्हे हो, खोट्या चिप्सचं. ते सहा आठवडे संपून आता चार वर्षं झाली, गुडघा ठणठणीत आहे, पण दुपारचे तीन वाजले की बाई खुर्चीला चिकटल्याच म्हणून समजा.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडात दोन-तीन टाचण्या धरून बोलायची सवय, त्यात बोलणंही टोचणारं, म्हणून नाट्यगृहात कुणीतरी ते नाव पाडलं आणि ते पडलं ते पडलंच. पोकरच्या टेबलावरही तिने तेच घेतलं.

टेबलावर ती धरून चौघं. एक गणिताच्या निवृत्त शिक्षिका, त्या गणितबाई. एक दंतवैद्य, जो दोन पेशंटांच्या मधे खेळायचा आणि ऐन डावात गायब व्हायचा. आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा, तो लिफ्टवाला. चौघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, पण स्वभाव मात्र सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्या खुणा शोधतोच. कोण किती वेळ घेतं, कोण कधी घाबरतं, कोण हरल्यावर चिडून खेळतं, हे सगळं त्यांना पाठ. दंतवैद्याकडे भारी पत्ते असले की तो पटकन खेळायचा आणि हातात काही नसलं की मोठा विचारवंत असल्यासारखा थांबायचा. हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. एकदा गणितबाई सलग तीन दिवस इतक्या बेफाम खेळल्या, की लिफ्टवाल्याने सरळ विचारलं, “तुम्ही कोण?” तर काय, बाईंच्या नावावर त्यांचा पाहुणा आलेला भाऊ खेळत होता! तेव्हापासून चौघांचा एक कायदाच झाला: खेळ अचानक बदलला, की खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसलंय असं समजायचं.

आता हा कायदा त्यांनी पत्त्यांपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं.

झालं असं, की दंतवैद्याला बायकोने वाढदिवसाला एक जाडजूड पुस्तक दिलं. आठ वर्षांपूर्वी वारलेल्या एका नामवंत नाटककाराची समग्र नाटकं. दंतवैद्य ती पेशंटांच्या मधे वाचायला लागला आणि एका दुपारी, डाव चालू असताना, त्याने टेबलाखालच्या गप्पांच्या चौकटीत लिहिलं, की या माणसाच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय. पहिली सहा नाटकं वाचवत नाहीत. मग सात वर्षांत पाच नाटकं अशी, की अंगावर काटा येतो. आणि त्यानंतरची नऊ पुन्हा तशीच, पेंगायला लावणारी. एकच माणूस असा लिहील का?

गणितबाईंनी दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि वाक्यांची लांबी मोजायला घेतली. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यांचा निकाल असा: मधल्या पाच नाटकांतली माणसं थोडक्यात बोलतात, पुढच्या-मागच्या नाटकांतली भाषण ठोकतात. लिफ्टवाल्याने तर एका ओळीत निवाडा देऊन टाकला. ती सात वर्षं त्याच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी खेळत होतं.

टाचणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने लिहिलं, की हा शुद्ध वाह्यातपणा आहे. तो माणूस मी रोज पाहिलाय. पेनाचं टोपण चावत नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये बसायचा, मी त्याच्या कोटाची बटणं लावून दिली आहेत. ती पाचही नाटकं आमच्याच रंगमंचावर पहिल्यांदा झाली.

तिघंही चाटच पडली. चार वर्षं आपण हिच्याशी खेळतोय आणि हिने हे सांगितलं नाही? त्या दिवशी डाव तसाच राहिला. प्रश्नांची नुसती सरबत्ती. लिहिताना त्याच्याबरोबर कोण असायचं? बायको शिकलेली होती का? दंतवैद्याचा संशय बायकोवर, गणितबाईंचा एखाद्या गरीब विद्वानावर. टाचणीने दोघांना उडवून लावलं. बायकोला नाटकाचा कंटाळा होता, आणि गरीब विद्वान त्यांच्या नाट्यगृहात फिरकत नसत, कारण फुकट पास मिळायचे नाहीत.

लिफ्टवाला मात्र वेगळंच काहीतरी बघत होता. त्याने लिहिलं, की मी दारं उघडण्या-मिटण्याचं काम करतो, म्हणून माझं लक्ष तिकडेच जातं. या पाच नाटकांत कुणी आत गेलं, की बाहेर यायला बरोबर पुरेसा वेळ जातो. इतर नाटकांत माणसं आत जातात काय, लगेच बाहेर येतात काय, ताळमेळच नाही.

हे वाचलं आणि टाचणीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकी वर्षं तिच्या हातांना जे कळत होतं ते एका लिफ्टवाल्याने सांगावं? तिने भाचीकडून माळ्यावरच्या कपडेपटाच्या वह्या काढवल्या. प्रत्येक नाटकात कोण कधी कपडे बदलणार, किती वेळात, काय-काय चढवायचं, हे तिने सगळं लिहून ठेवलेलं. पहिल्या सहा नाटकांच्या पानांवर तिची चिडकी अक्षरं होती: “नाही जमलं. पाठ उघडी राहिली.” “एकच बूट घालून गेला.” “लेखकाला एकदा हे हुक लावायला बसवा.” मधल्या पाच नाटकांत मात्र एकही तक्रार नाही. अठरा हुकांचा पोशाख असो की तीन थरांचा, बाहेर तेवढ्या वेळाचं बोलणं चाललेलंच असायचं. ते बोलणंही असं, की वेळ काढायला घातलंय हे कुणाच्या स्वप्नातही येऊ नये. आणि पुढच्या नऊ नाटकांत पुन्हा तोच धिंगाणा.

तिने हे टेबलावर सांगितलं. सांगताना तिला गंमत वाटत होती, इतकी गंमत कित्येक महिन्यांत वाटली नव्हती. दंतवैद्य म्हणे पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून वाचत राहिला. मग लिफ्टवाल्याने लिहिलं:

“पुढचं सोपं आहे. त्याचा खेळ बिघडला, त्या वर्षी तुमच्या टेबलावरून कोण उठून गेलं?”

टाचणीच्या हातात त्या वेळी दोन राजे होते. तिने ते खेळले नाहीत, टाकलेही नाहीत. वेळ संपला आणि मशिननेच तिचे पत्ते काढून घेतले.

त्या वर्षी उठून गेली होती तिची ताई.

थोरली त्याच नाट्यगृहात शिवणकाम करायची. रंगमंचामागच्या एका खोलीत तिचं मशिन. तिनेच धाकटीला कामाला लावलं, तिनेच हातात सुई कशी धरायची ते शिकवलं. दोघींचं एक पान हलत नसे एकमेकींवाचून. पण नाटककार तालमीनंतर त्या शिवणखोलीत जायला लागला, दोन-दोन तास बसायला लागला, दार लावून. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे, सात वर्षं. त्याला बायको, दोन मुलं. थोरलीने लग्न केलेलं नाही. लोक कुजबुजायचे ते धाकटीच्या कानावर यायचं, आणि ती आतल्या आत जळायची. लाज ताईची वाटायची, राग ताईचा यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा, कारण आता ताईला तिच्याशी बोलायला वेळ नसायचा. एका प्रयोगाआधी कुठल्याशा अस्तरावरून दोघींची जुंपली आणि धाकटीच्या जिभेला काही हाड राहिलं नाही. मेकअपच्या खोलीत, अकरा माणसांसमोर, ती म्हणाली, “दार लावून तू काय शिवतेस ते सगळ्यांना माहीत आहे.”

थोरलीने ते अस्तर शिवून टाकलं. प्रयोग होईपर्यंत काम केलं, दुसऱ्या दिवशी मशिन उचलून नेलं, आणि सव्वीस वर्षं दोघी बहिणी बोलल्या नाहीत. टाचणी जगाला सांगायची, की चूक ताईची होती, तिनेच यावं. तिला त्याची खात्री होती. कालपर्यंत होती.

तीन दिवस तिने टॅब उघडला नाही. वह्या मात्र पुन्हा-पुन्हा चाळल्या. हुक लावायला किती वेळ लागतो हे त्या नाट्यगृहात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी जिने ते हुक शिवले ती. एवढी साधी गोष्ट! चौथ्या दिवशी तिने भाचीला विचारलं, की मोठ्या आत्याकडे घेऊन जाशील का. भाची दर महिन्याला तिकडे जायची, तिला घर माहीत होतं. तिने लगेच गाडीची किल्ली घेतली. दारापर्यंत सोडलं, बेल वाजवली आणि “मी खाली बसते” म्हणून शहाण्यासारखी निघून गेली.

थोरली आता सत्त्याहत्तरची. दार उघडून तिने धाकटीच्या तोंडाकडे नाही, आधी पायाकडे बघितलं आणि विचारलं, “गुडघा वाकतो का?” वाकतो म्हटल्यावर आत घेतलं. खिडकीपाशी मशिन, त्यावर कुणाचीतरी पँट, अजूनही लोकांची कामं घेत होती. टाचणीला वाटलं होतं, ताई हाकलून देईल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

ताईशी गप्पा मारायची तिला सवय उरली नव्हती, म्हणून तिने सरळ पोकरचीच हकिकत सांगायला सुरुवात केली. दंतवैद्य, गणितबाई, वाक्यांची लांबी, लिफ्टवाला. थोरली ऐकता-ऐकता हसायला लागली. आठ-आठ वर्षं कॉलेजात डोकी घासणाऱ्यांना जे दिसलं नाही ते पत्ते कुटणाऱ्यांना दिसलं म्हणायचं, असं म्हणाली. आणि मग, जणू पँटची उंची सांगत असावी अशा आवाजात, तिने सगळं सांगितलं.

सुरुवात त्या अठरा हुकांवरून झाली. नायिका पोशाख बदलायला आत जाते आणि नाटककाराने बाहेर चार वाक्यं ठेवलेली. थोरली त्याला म्हणाली, दोन मिनिटं लागतील. तो वैतागला, म्हणाला, मग दोन मिनिटं लोकांनी रिकामी खुर्ची बघायची का? ती म्हणाली, झाडणाऱ्या बाईला पाठवा. तो म्हणाला, ती काय बोलणार? थोरलीच्या तोंडात दोरा होता. तो काढून तिने ती बाई काय बोलेल ते बोलून दाखवलं, आणि त्याने तसंच्या तसं उतरवून घेतलं. ते झाडणाऱ्या बाईचं बोलणं आता शाळेतली पोरं पाठ करतात. मग तो रोज यायला लागला. तो वाचायचा, ही शिवता-शिवता म्हणायची, असं कुणी बोलत नाही. मग कसं बोलतात? असं. पुढे-पुढे तो कोरेच कागद घेऊन यायचा. दार लावायचा, कारण मशिनचा आवाज रंगमंचावर चाललेल्या पुढच्या तालमीत जायचा.

“मग नाटकं तुझीच की,” टाचणी म्हणाली.

ते थोरलीला मान्य नव्हतं. गोष्ट त्याची असायची, कुणी कधी मरायचं ते तो ठरवायचा. पण पात्रांच्या तोंडचं बोलणं कुणाचं, त्याचं की हिचं, ते आता तिलाही सांगता येणार नव्हतं. ती कसं बोलतात ते सांगायची, तो त्यात एखादा शब्द बदलायचा, आणि तो बदल कधी-कधी फार चांगला असायचा. तुझं नाव लावू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. ती नको म्हणाली, तो फार पटकन बरं म्हणाला. याचं मात्र तिला वाईट वाटलं होतं.

टाचणीला आता बसवेना. ती म्हणाली, “मला तेव्हाच सांगायचं ना गं, ताई.”

“तू विचारलंस कुठे? तू अकरा जणांसमोर सांगितलंस.”

टाचणीला त्या अकरा जणांचे चेहरे आठवले, एकूण एक. सव्वीस वर्षं तिने ते आठवायचं टाळलं होतं. आपण नुसतं बोललो नाही, आपण एका माणसाचं काम बंद पाडलं, आणि तेही आपल्याच माणसाचं, हे तिला आत्ता कुठे नीट कळत होतं. तिने माफी मागितली. नीट, एकेका गोष्टीचं नाव घेऊन, आपण काय बोललो ते पुन्हा उच्चारून मागितली.

थोरलीने ऐकून घेतलं. झालं गेलं, असं काही ती म्हणाली नाही. मशिनवरची पँट घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “आता आलीच आहेस, तर विचार काय ते.”

टाचणीच्या पर्समध्ये गणितबाईंची यादी होती; उठून गेलेलं माणूस सापडलंच तर विचारा म्हणून त्यांनी टेबलावर धाडलेली, आणि निघण्याआधी टॅब उघडून टाचणीने कागदावर उतरवून घेतलेली. कोणतं नाटक, कोणता प्रवेश, कोणाचं वाक्य, एकोणीस प्रश्न. जगात उत्तर देऊ शकणारं एकच माणूस समोर बसलं होतं, आणि टाचणीलाही सगळी उत्तरं हवी होती, अगदी मनापासून हवी होती. तिने पर्स उघडली नाही.

“इतकी वर्षं कशी काढलीस गं?”

थोरलीने घडी केलेली पँट उगाचच पुन्हा उलगडली. हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा.

“वाईट,” ती म्हणाली. “फार वाईट. तुझं घर इथून चार थांब्यांवर आहे, धाकटे. चार थांबे.”