अंग बाहेर आलं तेव्हा

ट्रॉलीच्या फळीवर चढताना माझी साडी भिजली. डोक्यावर उसाची मोळी, आन् पायावरनं लघवी ओघळत व्हती. खाली मुकादम उभा. सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं बोलला, "म्हैस मुतली रं. दावणीला बांधा तिला."

टोळी हसली. माझा नवराबी हसला.

ढोकीच्या शिवारात ऊस तोडत व्हतो आमी. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी म्या फडात उभी राह्यले. मोळ्या उचलून उचलून अंग बाहेर आलं. मांड्यांच्या मधी लिंबाएवढा गोळा. बोटानं आत ढकलायचा, फडकं घट्ट बांधायचं, परत कोयता हातात. खोकलं तरी लघवी सुटायची. सासूला सांगितलं तर म्हणाली, "बाईच्या जातीला असतंच. तोंड मिटून ऱ्हा."

नवऱ्याला ठावं व्हतं. तरी साडी भिजली त्याच सांजच्याला पाचटाच्या कोपीत त्यानं जवळ वढलं. म्या म्हणलं, "नगं, दुखतंय." त्यानं कमरेत लाथ घातली. पोरं भायेर चुलीपाशी बसली व्हती. म्या पदर तोंडात कोंबला. रगत गेलं. मग त्यानं भाकरी मागितली. म्या वाढली. त्या वाढण्याची मला आजबी लाज वाटती.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला म्हणलं, "मी तोडते, पण मोळी वाहणार न्हाय. दवाखान्यात जायचंय."

त्यानं हातातल्या उसाच्या टोकानं माझी साडी गुडघ्याच्या वर उचलली. "बघू तरी, काय लोंबतंय."

कोयता माझ्या हातातच व्हता. उलटा केला आन् पाठीकडनं त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. तो खाली बसला. नवरा शिव्या देत धावला. म्या कोयता सरळ केला. आयुष्यात पयल्यांदा त्याला अरेतुरे केलं, "ये. तुलाबी कळू दे चिरलं म्हंजी कसं वाटतं."

तो जागीच थांबला.

"माझं अंग बाहेर आलंय," म्या सगळ्यांना सांगितलं. "ह्या मोळ्यांनी आलंय. आता हसा."

टोळीतली सगळ्यात थोरली, जनाक्का, डोक्यावरची मोळी टाकून पुढं आली. "माझं तर ईस वर्सांपासनं हाय. चल, मीबी येते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गोळा वर ऱ्हावा म्हणून आत रिंग बसवली, अंग आवळून धरायचा व्यायाम शिकवला, जड उचलायचं न्हाय म्हणाल्या. जनाक्काला ऑपरेशन सांगितलं. माघारी आलो तर टोळीतनं काढलं व्हतं आमाला, माझ्या नवऱ्यासकट.

गावी आल्यावर नवऱ्यानं एकदाच हात उगारला. म्या तो धरला, पिरगाळला, तो ओरडस्तोवर सोडला न्हाय. आता तो भायेरच्या खोलीत निजतो. गाव म्हणतं, बाई बिघडली.

माझी पोरगी नऊ वर्साची हाय. तिला म्या जवळ बसवून, अंगाच्या एकेका भागाचं नाव घेऊन सांगितलंय. हे तुझं अंग हाय. दुखलं तर बोंबल. तू नगं म्हणल्यावर कुणी हात लावला, तर तो हात जाग्यावर ठिवू नगं. पुढचं म्या बघून घेईन.