पैलवानाची आंघोळ

दवाखान्यात केर-फरशी माझी, नंबर लावायचंही माझ्याच गळ्यात. त्यामुळे कोण कसा येतो ते मला विचारा. सिमेंटच्या गोदामात पोती उचलणारा पैलवान यायचा तो नवरदेवासारखा. काम सुटलं की घरी जाणार, घासूनपुसून आंघोळ करणार, घटकाभर टेकणार, इस्त्रीचा शर्ट घालून मग येणार. तोवर आमची बंद करायची वेळ. डॉक्टरबाई विचारायच्या, "खोकल्याशिवाय काही?" हा म्हणायचा, "छे, ठणठणीत."

गोदामातले सगळे तसलेच. मळक्या अंगानं डॉक्टरसमोर बसायची लाज. वरच्या गल्लीतल्यांना शिंक आली तरी ते दारात हजर, आणि दिवसभर धूळ गिळणारे हे आंघोळीपायी राहून जायचे. मेल्यांना अक्कल नाही, दुसरं काय.

एकदा पैलवानाची बायको एकटीच बाईंसमोर येऊन बसली. "मला काही झालं नाही हो," म्हणाली. "हे रात्रभर बसून झोपतात. आडवं झालं की जीव घाबरा होतो. तुम्हाला सांगू नको म्हणालेत." आणि ढसाढसा रडायला लागली.

बाईंनी गळ्यातली नळी तशीच ठेवली आणि उठल्या. बाहेर रांग लागलीय म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांना थांबायला सांग, आणि तू चल."

गोदाम कोपऱ्यावरच. पैलवान पोतं घेऊन फळी चढत होता. बाईंना पाहून त्यानं पोतं टाकलं आणि अंग चोरून उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. "असा कसा बाई... आंघोळ करून..." म्हणत तो अंगावरची धूळ झटकायला लागला. बाईंनी त्याला पोत्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि पाठीला नळी लावली. एकदा ऐकलं, परत ऐकलं.

"तुम्ही मला नेहमी आराम केलेला माणूस दाखवलात," त्या हळूच म्हणाल्या. "हा दम मला कधी दिसलाच नाही."

मग एक्स-रे झाला, तोंडानं औषध ओढायचा पंप आला. मालकाशी भांडून बाईंनी त्याला फाटकावर राखणीला बसवलं. आता गोदाम सुटलं की तिथल्यांचे नंबर आधी. अट एकच, आंघोळ न करता यायचं. माझ्या फरशीचं वाटोळं होतं. मी तोंड सोडते आणि पुन्हा पुसते.

परवा पैलवानाची बायको पंपाचं औषध न्यायला आली. डोळे तारवटलेले. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"काल हे रात्रभर आडवे झोपले," ती म्हणाली. "मीच जागी होते. श्वास ऐकत."