मारोतीनं परत दिलेला खडा

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि पार थकलो होतो. कामाचा थकवा एका रातीच्या झोपेनं उतरते; दुखण्याचा थकवा झोपूच देत नाही. डावी किडनी फार आधीच काढलेली. उरली उजवी, तिच्यातही खडे झाले. कळ उठली की खाटेची दोरी मुठीत धरून पडायचो. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, पण या वयात, एकुलत्या किडनीवर, भरवसा कोणी देईना. मी म्हटलं, चिरू देणार नाही. मुलगा चिडला, "बाबा, मंग मराचं आहे का?" शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण आसगावात माझा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

मी मारोतीला बोललो होतो, खडा पडू दे, तुझ्या पायाशी आणून ठेवीन. आणि एक खडा खरंच पडला, लघवीतून, रक्तासंगं. तांदळातला खडा असते तेवढा, पिवळसर. तो धुतला, आंघोळ केली, आणि मारोतीच्या पायाशी शेंदरात दाबून आलो. वाटलं, सुटलो. पण सोनोग्राफीत दुसरा, मोठा, तिथंच बसलेला दिसला.

डॉक्टरनं पडलेला खडा मागितला. म्हणाला, नागपूरला एक मशीन आहे, त्यात इन्फ्रारेड उजेड असते. डोळ्याला दिसत नाही, पण चुलीची धग अंगाला लागते ना, तसा. खडा त्यातला थोडा उजेड पिते, थोडा सोडते. कोणता पिला त्यावरून तो कशाचा झाला ते समजते. माझा आतला खडा साध्या एक्सरेत दिसत नव्हता, म्हणून डॉक्टरला शंका होती. विरघळणाऱ्या जातीचा निघाला तर ऑपरेशन टळेल.

"तो देवाले दिला," मी म्हटलं.

"मंग घेऊन या ना, बाबाजी."

"दिलेलं मी परत घेत नाही."

घरी बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, मारोतीले काय कराचा आहे तुमच्या मुताचा गोटा?" मी जेवलो नाही. तिच्या बोलण्याचा राग होता की भीती होती, आज सांगता येत नाही.

एका दुपारी मारोतीलाच विचारावं म्हणून गेलो. पारावर एक अनोळखी बाई बसची वाट पाहत होती. तिथंच कळ उठली, मी खाली बसलो. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि काय झालं ते विचारलं. घरच्यांना कधी सांगितलं नसेल तेवढं तिला सांगून बसलो. ती हसली.

"नैवेद्य दाखवता ना, बाबाजी? मग मारोती खाते का तो? परतच आणता घरी, परसाद म्हणून खाता. तो देऊन राहिला, तुमीच घेऊन नाही राहिले."

बस आली, ती चढून गेली. गाव विचारायचं राहिलं. पुढं पवनीच्या रस्त्यावर कितीकांना विचारलं, कोणाला माहीत नव्हती. ती कोण होती, त्यावर मी वाद करत नाही.

"परसाद नेतो," असं त्याच दुपारी मारोतीला म्हणून मी नखानं शेंदूर उकरला, खडा काढला. डॉक्टरनं तो लाल गोळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि साफ करून नागपूरला पाठवला. खडा युरिक ॲसिडचा निघाला, विरघळणारा. मग औषध आणि पाणी. इतकं पाणी की पिऊन पिऊन जीव विटला, उठून उठून पाय गेले. धानाची रोवणी दुसऱ्यांनी केली, मी खाटेवरून पाहिली. पावसाळा सरता सरता पुन्हा सोनोग्राफी झाली. खडा नव्हता.

परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकलं. आनंद करायलाही ताकद उरली नव्हती. जन्मभर वाटत आलं की देवाला देणं म्हणजे भक्ती. देणाऱ्याचा हात वर असते, त्यात ताठा राहून जाते. घ्यायला हात खाली धरावा लागते, आणि तेच मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या बाईच्या तोंडून मारोती बोलला की बाई बाईच होती, मला दोन्ही सारखंच. दोघांचाही मी ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो नाही. ऊन खाटेवर आलं तरी नाही. बायको घाबरून जवळ आली, नाकाशी बोट धरलं.

"जित्ता आहो," मी म्हटलं, "झोपून राहिलो." आणि कूस बदलून पुन्हा झोपलो.