ओल्या रंगावरचं कुंकू

माझ्या वडिलांच्या बोटाचा एक ठसा अजून या जगात आहे. तो खेळातल्या बंदुकीच्या प्लास्टिकच्या मॅगझिनवर आहे, ते मॅगझिन बर्लिनमध्ये माझ्या लेकीकडे आहे, आणि मला ते हवं आहे. ती देत नाही. झालं, गोष्ट एवढीच. पुढचं रामायण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते.

लेकीने अठरा पूर्ण झाल्या झाल्या इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या एका सॉफ्टएअर क्लबात नाव घातलं. म्हणजे काय, तर धडधाकट माणसं लष्करी कपडे घालून जंगलात एकमेकांवर साबुदाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात. मी कपाळाला हात लावला. भरतनाट्यम सोडलं ते यासाठी? वर तिची मॅगझिन्स, म्हणजे बंदुकीला खालून खटकन बसणाऱ्या गोळ्यांच्या चपट्या डब्या, तिला गुळगुळीत चालेनात. हातमोज्यातून सटकतात म्हणे. त्या खरखरीत करून जंगलाच्या रंगात रंगवायच्या होत्या, आणि तेही माझ्या स्वयंपाकघरात!

तेव्हा बाबा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. येताना बॅगेत काय आणावं माणसाने? रांगोळी. चांगली मोठी पिशवी. "अहो बाबा, इथे जिन्यात पायपुसणं ठेवायचं तरी इमारतीच्या नियमांची हाउसऑर्डनुंग बघावी लागते, रांगोळी कुठे काढू, माझ्या डोक्यावर?" मी ओरडले. बाबा म्हणाले, "असू दे गं, रांगोळी काय नासते का?" पिशवी केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेली.

पहिल्या दिवशी लेकीने सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने ठिपके पाडायला घेतले आणि एका डबीला आरपार भोक पाडलं. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. तेव्हा मला केलरमधली पिशवी आठवली. पॉलिश पेपरने डबी घासायची, भांड्यांच्या साबणाने धुवायची, वॉर्निशचा हात द्यायचा आणि ओलं असतानाच वरून रांगोळी भुरभुरायची. सुकली की वर रंग. पहिल्या डबीला मी हौसेने वरपर्यंत रांगोळी लावली, तर ती बंदुकीत शिरेचना. मग वरच्या भागाला चिकटपट्टी लावायला शिकलो. बाकी काम फक्कड जमलं, हाताला कशी मस्त पकड आली.

त्या शनिवारांची मला अजून भूक लागते. बाबा चहाच्या गाळणीने रांगोळी चाळायचे, लेक ब्रश चालवायची, मी स्पंजाने हिरव्यावर तपकिरी टिपायची. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. "लांगझाम, ओपा!" म्हणजे हळू, आजोबा. आणि बाबा, ज्यांना जर्मनचा एकच शब्द यायचा, खुशाल म्हणायचे, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. पावाच्या दुकानातल्या बाईलाही ते हेच म्हणत. दोघांचं छान चालायचं, मध्ये मी कशाला बोलू?

मग खंडेनवमी आली. बाबांनी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात हजेरीच्या खिडकीवर आयुष्य काढलं. बंदुकीला कधी हात लावला नाही, पण खंडेनवमीला कारखान्यात त्यांचीच धावपळ. यंत्रं धुऊन पुसून ठेवायचे, त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडत. बाबांचं बोट धरून मी तेलाच्या वासातून फिरायची आणि पेढा खायची.

त्या दिवशी मी ऑफिसात, लेक शाळेत. संध्याकाळी येऊन बघते तर घरातल्या एकूण एक हत्याराला कुंकू: सुरी, मिक्सर, पाना, माझ्या लॅपटॉपचं झाकणसुद्धा. मला हसू आवरेना. बाल्कनीत वर्तमानपत्रावर मॅगझिन्स ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट आणि आमच्याच कुंडीतलं झेंडूचं फूल. फक्त रंग अजून ओलसर होता. ऑक्टोबरच्या थंडीत तो लवकर सुकत नाही, हे बाबांना काय माहीत! कुंकू रांगोळीच्या दाण्यांत जाऊन पक्कं बसलं होतं.

लेक आली, बघितलं आणि किंचाळली, "ओपा, वास हास्ट डू गेमाख्ट!" म्हणजे काय केलंत हे. दुसऱ्याच दिवशी तिच्या क्लबाचा खेळ होता. दार धाडकन आपटलं.

"अगं, शस्त्र आहे," बाबा बंद दाराला म्हणाले. "आज नाही पुजायचं तर कधी?" मग जरा वेळाने, हातात ओला कापूस घेऊन, "पुसून देऊ का गं?"

"राहू द्या, बाबा," मी म्हणाले.

सकाळी वर्तमानपत्रावर सगळं पुन्हा हिरवंगार होतं, लेकीने रात्रीतून वर रंग मारला होता. बाबांचा जीव भांड्यात पडला. विमानतळावर मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला येतो. तिला आधी विचारीन, मगच लावीन."

फाल्गुनात ते गेले. झोपेत, एकटेच. मी पोचले तेव्हा दाराशी त्यांच्या चपला होत्या. मला काही तत्त्वज्ञान सुचत नाही. मला बाबा हवेत, बस्स.

लेक शिकायला बर्लिनला गेली तेव्हा एकच विचार माझ्या डोक्यात घोळत होता. त्या हिरव्या रंगाखाली बाबांचं कुंकू असणार. हलक्या हाताने खरवडलं तर सापडेल. एका रविवारी सुरी घेऊन केलरमध्ये गेले, तर मॅगझिन्सचं खोकंच नाही. तिथूनच फोन लावला.

"मॅगझिन्स कुठायत?"

"विकली," ती जर्मनमध्ये म्हणाली. "इथे कोण खेळतंय?"

माझा तोलच सुटला. "विकलीस? अगं करंटे, त्याखाली आजोबांचं बोट होतं!"

मग फोनवर एक फोटो आला. हिरवी डबी आणि मधोमध लाल बोट, रेषान्‌रेषा दिसणारं. हे एक मॅगझिन तिने रंगवलंच नव्हतं. दार आपटलं त्याच संध्याकाळी, पुसलं जाऊ नये म्हणून, त्यावर पारदर्शक वॉर्निश मारून कपाटात लपवलं होतं.

"मला दे ते," मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं.

"नाइन, आई. नाही."

"मग आजोबांना तरी का नाही दाखवलंस गं? बिचारे जाईपर्यंत स्वतःला दोष देत होते."

ती मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत.

"पुढच्या दसऱ्याला दाखवणार होते."